अडुळशाचा एकच रस घरात सगळ्यांना चालेल का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. तासगावला घरी सासऱ्यांना तीन आठवडे खोकला, छातीत कफ घरघरतोय, तीन वर्षांच्या लेकीलाही सर्दी-खोकला, आणि तुम्हाला स्वतःला पाचवा महिना. आईनं सांगितलंय की बांधावरच्या अडुळशाचा रस काढ आणि सगळ्यांनाच दे. तुमचाही घसा धरलाय, म्हणून तुम्हीही घेणार आहात.

आधी हेच सांगते, तुम्ही घेऊ नका. एक चमचाही नको. अडुळशाच्या पानात वासिसिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यानं गर्भाशय आकुंचन पावतं. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत या द्रव्यावर बरंच काम झालं, तेही कळा आणण्याच्या गुणासाठीच. पूर्वीच्या सुईणी बाळंतपणात हा पाला वापरायच्या तो उगाच नाही. आईचा हेतू चांगलाच आहे, पण खोकल्याचं औषध म्हणून ओळखलेल्या झाडाची ही दुसरी बाजू पुष्कळ घरांत माहीत नसते. तुम्ही मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, वाफ घ्या आणि तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना घशाचं सांगा.

लेकीलाही नको. खोकल्याच्या औषधांबाबत केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना ती देऊच नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा टाळावीत. घरचा रस तर किती कडक उतरलाय हे कुणालाच मोजता येत नाही. तिला कोमट पाणी आणि रात्री अर्धा चमचा मध पुरे. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध कधीच देऊ नका. श्वास जोरात चालला किंवा बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या तर वाट न बघता दवाखाना गाठा.

आता सासऱ्यांचं. अडुळसा खोकला थांबवत नाही, कफ सोडवतो. घट्ट, चिकट कफ पातळ होतो आणि खोकून बाहेर पडतो. म्हणून कफ अडकलेल्याला त्याचा उपयोग होतो आणि कोरड्या ढासेला फारसा होत नाही. दुकानात मिळणारं ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध १९६० च्या दशकात आलं, ते याच वासिसिनच्या धर्तीवर बनवलेलं. आणि ब्रोमहेक्सिनचं शरीरात जे रूपांतर होतं ते अँब्रोक्सॉल. म्हणजे डॉक्टरांनी यातलं सिरप आधीच दिलं असेल तर वर रस देण्यात अर्थ नाही, एकाच कामाची दोन औषधं होतात.

पण तीन आठवडे खोकला आहे, तर रसाच्या आधी थुंकीची तपासणी. दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की क्षयाची तपासणी करायचीच, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. हे मी कळकळीनं सांगते, कारण माझ्या चुलत्यांना मीच दोन महिने अडुळसा देत होते. कफ सुटायचा, त्यांना हलकं वाटायचं, आणि आम्हाला वाटायचं की उतार पडतोय. वजन उतरत होतं ते वयावर घातलं. शेवटी थुंकीत रक्त दिसलं तेव्हा तपासणी झाली. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी ते बरे झाले, पण तोपर्यंत घरातल्या आणखी एकाला लागण झाली होती. आराम पडतोय म्हणजे रोग जातोय असं नव्हे, हे तेव्हा कळलं.

तपासणीत क्षय नाही निघाला, दमा-न्युमोनियाही नाही, नुसता जुना कफ आहे असं ठरलं, तर रस जरूर द्या. पण नीट काढा. ही पानं नुसती वाटून पिळली तर फडकंच ओलं होतं, हाताला काही लागत नाही. जुनी रीत पुटपाकाची. पिकलेली नव्हेत, हिरवीगार जून अशी २५-३० पानं धुऊन पाट्यावर वाटायची. गोळा एरंडाच्या पानात गुंडाळून सुतळीनं बांधायचा, वरून चिकणमातीचा दोन बोटं जाड लेप द्यायचा आणि शेण्यांच्या आरात पुरायचा. माती तांबूस झाली की काढायचा. फोडल्यावर आतला पाला काळपट-हिरवा, ओलागच्च असतो, कडवट वास घरभर पसरतो. कोमट असतानाच फडक्यातून पिळा, दोन-तीन चमचे रस सहज निघतो. गॅसवर करायचं तर पानं चाळणीत दहा मिनिटं वाफवून वाटा, तेही चालतं. दोन चमचे रस, तेवढाच मध, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. त्यांना साखर असेल तर मध नको, आणि बाजारातल्या अडुळशाच्या बाटलीवरचं साखरेचं प्रमाणही वाचा. जास्त दिला की मळमळतं, उलटी होते. पाच दिवसांत फरक नाही तर थांबवा.

आणि पानं कुठली तोडणार? तुमच्याकडं अडुळसा कुंपणाला लावतात, कारण शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. त्याच्या शास्त्रीय नावातलं अधातोडा हेसुद्धा तमिळमधून आलेलं, शेळी शिवत नाही असा त्याचा अर्थ सांगतात. पण ते कुंपण द्राक्षबागेला लागून असेल तर त्या पानाला हात लावू नका. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेवर औषधांच्या फवारण्या चालू असतात, नेमक्या खोकल्याच्याच दिवसांत, आणि वाऱ्यानं ते सगळं बांधावरच्या पानांवर बसतं. पाण्यानं धुऊन ते पुरतं जात नाही.

त्यापेक्षा घराशेजारी, फवारणी पोचणार नाही अशा जागी एक झाड लावा. पान भाल्यासारखं लांब, समोरासमोर. थंडीत पांढऱ्या फुलांचे तुरे येतात आणि खालच्या पाकळीवर जांभळट रेघा असतात. ही खूण बघून बोटाएवढ्या जाडीच्या, वीतभर फांद्या आषाढात मातीत खोचा, सहज लागतात. पहिलं वर्षभर त्याची पानं तोडू नका.