खाल्लेलं अंगी का लागत नाही?

प्रश्न: डॉक्टरबाई, आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. नात सव्वा वर्षाची आहे. दूध, अंडं, वरणभात, काही कमी करत नाही, तरी वजन वाढेना. सारखं पोट बिघडतं. अंगणवाडीताई म्हणतात, उंचीही कमी आहे. शेजारी म्हणतात, पाणी शुद्ध करायचं मशीन बसवा. पंधरा हजार घालावेत का? (सून घरीच विड्या वळते.)
– एक आजी

उत्तर: आजी, पंधरा हजारांना आत्ता हात लावू नका. पण पाण्याची शंका रास्त आहे.

आधी पोटात काय होतं ते सांगते. लहान आतड्याच्या आतून टर्किश टॉवेलसारखी बारीक लव असते. सोलापूरकरांना टॉवेल काय समजावायचा! लव उभी असेल तर पाणी टिपतं, झिजली की टॉवेल नुसता अंगावरून फिरतो. विष्ठेतले जंतू रोज थोडेथोडे पोटात गेले की आतड्याचं तेच होतं, जुलाब होत नसले तरीही. अस्तर सुजतं, अन्न पुरतं शोषलं जात नाही, आणि शोषलेल्यातलंही बरंच जंतूंशी झुंजण्यात जातं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी निघाली. ती सगळी काही उपाशी घरांतली नाहीत.

उजनीचं पाणी शुद्ध करूनच सोडतात. पण आपल्याकडे नळ येतो काही दिवसांआड. मधल्या काळात पाइपात दाब नसतो, आणि जोड फुटका असला की शेजारच्या गटाराचं पाणी आत झिरपतं. म्हणून नळ आल्यावर पहिलं गढूळ पाणी धुण्याभांड्याला काढा, पिण्याचं नंतर भरा. पुढे ते पिंपात दिवसचे दिवस राहतं. त्यात तांब्यासकट बोटं बुडवणारे घरात किती जण आहेत, मोजा एकदा! तोटीचं पिंप घ्या, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. नातीचं पाणी खळखळून उकळा, मिनिटभर तसंच उकळत ठेवा आणि त्याच भांड्यात झाकून गार करा.

मला धास्ती आहे ती वेगळ्याच गोष्टीची. ‘लेकराची शी, तिला काय होतंय’ म्हणत ती सर्रास उघड्या गटारात टाकतात. लहान मुलाच्या शीतले जंतू मोठ्यांच्या जंतूंपेक्षा सोवळे नसतात. ती संडासातच गेली पाहिजे, आणि धुणाऱ्यानं साबणानं हात धुतले पाहिजेत. रांगतं पोर फरशीवरचं सगळं तोंडात घालतं, तेव्हा कोंबड्या असतील तर त्या घराबाहेर. सूनबाईंनी विड्यांचं सूप बाजूला ठेवलं की हात धुतल्याशिवाय घास भरवायचा नाही. तंबाखूची भुकटी पोटात जायला नको.

एवढं केलं की उंची वाढेलच, असं मी म्हणणार नाही. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेत मोठ्या चाचण्या झाल्या. कुणाला चांगले संडास दिले, कुणाला साबण, कुणाला पाण्यासाठी क्लोरीन. २०१८-१९मध्ये निष्कर्ष आले. बांगलादेशात जुलाब कमी झाले, पण उंची यातल्या कशानंच वाढली नाही. पूरक आहार मिळालेल्या मुलांची वाढली, तीही थोडीशीच. मला यातून दिसतं ते असं, की एका घरानं साबण वापरून भागत नाही, गल्लीतलं गटार उघडंच राहिलं तर जंतू पायांनी घरात येतात. तेव्हा अंडं बंद करून मशीन आणू नका, आणि गटार झाकायच्या अर्जावर गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या.

अंगणवाडीत दंडाचा घेर मोजून घ्या. साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. घेर ठीक असला तरी वजन वाढत नाही म्हणून एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दर वेळी दोष पाण्याचाच असतो असं नाही. जंताचं औषधही चुकवू नका.

प्रश्न: जुलाब लागले की सासूबाई बाळाचं अंगावरचं दूध बंद करायला सांगतात. काय करू?
– एक आई

उत्तर: दूध पाजत राहा. सोबत ओआरएस, मोठं पाकीट असेल तर लिटरभर पाण्यात पूर्ण, अर्धंमुर्धं नाही. झिंकची गोळी जुलाब थांबले तरी चौदा दिवस द्यायची. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर लगेच दवाखान्यात न्या. सासूबाईंना हवं तर हे उत्तर वाचून दाखवा.