विवरणपत्रात सतरा लाख, मग बाकीचा पैसा गेला कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विधानसभेला तुमच्या मतदारसंघात निवडून आलेल्या उमेदवाराने खर्चाच्या विवरणपत्रात सतरा लाख दाखवलेत. तुम्ही मात्र तीन दणदणीत सभा, रोज धुरळा उडवत जाणाऱ्या गाड्यांचे ताफे आणि रात्री उशिरापर्यंत भरलेले धाबे डोळ्यांनी पाहिलेत. मग हा हिशेब धडधडीत खोटा आहे का, आणि असेल तर कुणी पकडत कसं नाही?

मी करसल्लागाराच्या कार्यालयात काम करतो आणि तीन विधानसभा निवडणुकांत उमेदवाराची खर्चाची वही लिहिली आहे. (कुणाची, ते विचारू नका.) माझं उत्तर तुम्हाला फारसं आवडणार नाही. त्या वहीतली बहुतेक पानं खरी असतात. बिलं असतात, चेक असतात, सह्या असतात. कायद्याने मोजायला सांगितलेलं बऱ्यापैकी मोजलेलं असतं. खरी मेख आहे ती कायदा काय मोजायला सांगत नाही त्यात.

आधी वहीबद्दल. उमेदवारी अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी वेगळं बँक खातं उघडावं लागतं. वहीत तीन रंगांची पानं: पांढरी रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. एका माणसाला पूर्ण निवडणुकीत दहा हजारांच्या वर रोख देता येत नाही. चहापासून मंडपापर्यंत सगळ्याचं दरपत्रक जिल्हा निवडणूक अधिकारी काढतात. प्रचाराच्या काळात किमान तीनदा वही घेऊन खर्च निरीक्षकांसमोर बसावं लागतं. त्यांच्याकडे त्यांची स्वतःची, व्हिडिओ पथकाच्या चित्रणावरून भरलेली नोंदवही असते, आणि दोन्ही ताडून पाहतात.

एका तपासणीत माझ्या वहीत एका सभेच्या सातशे खुर्च्या होत्या, मंडपवाल्याच्या बिलाप्रमाणे. साहेबांनी चित्रण लावलं, स्क्रीनवर बोट ठेवून रांगा मोजल्या. साठ खुर्च्यांच्या वीस रांगा, म्हणजे बाराशे. मी म्हटलं, साहेब, वरच्या पाचशे समाजमंदिरातल्या आहेत, फुकट मिळाल्या. ते म्हणाले, फुकट मिळालेल्याचीही किंमत असते. दरपत्रकाप्रमाणे पाचशे खुर्च्यांचं भाडं आमच्या माथी चढलं, आणि ते योग्यच होतं. पण त्याच सभेला आमचे बडे नेते हेलिकॉप्टरने आले होते. बाजूच्या शेतात उतरलेलं ते हेलिकॉप्टर त्याच चित्रणात पाचेक मिनिटं दिसत होतं. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, कारण काढायचं कारणच नव्हतं. मान्यताप्राप्त पक्षाला चाळीस स्टार प्रचारक नेमता येतात, आणि त्यांचा प्रवास उमेदवाराच्या खर्चात धरत नाहीत. खुर्ची मोजायची, हेलिकॉप्टर सोडायचं. तुमच्या सतरा लाखांचं निम्मं उत्तर इथेच आहे.

याला इतिहास आहे. ऑक्टोबर १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सांगितलं की पक्षाने उमेदवाराच्या माहितीने आणि संमतीने त्याच्यासाठी केलेला खर्च उमेदवाराचाच धरायचा. निकाल सरळ होता. त्याच महिन्यात सरकारने अध्यादेश काढून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ ला स्पष्टीकरण जोडलं आणि पक्षाचा, हितचिंतकांचा खर्च मोजणीबाहेर काढला. पुढची जवळजवळ तीस वर्षं ती खिडकी सताड उघडी होती. २००३ च्या दुरुस्तीत ती बरीच लावली गेली, पण फट राहिली. ज्यात उमेदवाराचं नाव-फोटो नाही असा पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आजही पक्षाच्याच खात्यात जातो. पक्षाला विवरणपत्र द्यावं लागतं, विधानसभेसाठी निवडणूक संपल्यापासून ७५ दिवसांत. पण खर्चाला मर्यादा म्हणाल तर शून्य. म्हणून तर काही सभांना उमेदवार मंचावर चढतच नाही, खाली पहिल्या रांगेत हात जोडून बसतो. नेत्यासोबत मंचावर दिसला की सभेचा खर्च त्याच्या वहीत येतो.

दुसरी फट तारखांची. ही मला सगळ्यात मोठी वाटते, आणि हिच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. कायदा फक्त अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा खर्च पाहतो. २०२४ ला आपल्याकडे अर्जाची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर, निकाल २३ नोव्हेंबर. आता त्याआधीचं आठवा. दहीहंडीची बक्षिसं, गणपती मंडळांच्या कमानी, नवरात्रातल्या साड्या, देवदर्शनाच्या बसेस, भजनी मंडळांना टाळ-पखवाज. यातला एक रुपयाही कलम ७७ खाली येत नाही. आधी छापून ठेवलेलं साहित्य अर्जानंतर वाटलं तर ते मोजायचं, असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे, पण तो पत्रक-झेंड्यांपुरता. वर्षभर पेरलेल्या उपकाराचं बिल कुठल्या तारखेचं लावणार?

मर्यादेचं म्हणाल तर महाराष्ट्रात ती जानेवारी २०२२ पासून ४० लाख आहे, २०१९ च्या विधानसभेला २८ होती. मागच्या विधानसभेला राज्यात साधारण ९ कोटी ७० लाख मतदार आणि २८८ जागा, म्हणजे मतदारामागे बारा रुपये. त्या बारा रुपयांत कुणी निवडणूक लढवतं, यावर मर्यादा ठरवणाऱ्यांचाही विश्वास नसावा. गोपीनाथ मुंडे २०१३ मध्ये भर कार्यक्रमात बोलून गेले की आदल्या लोकसभेला आपल्याला आठ कोटी खर्च आला. तेव्हा मर्यादा होती २५ लाख. आयोगाची नोटीस आली, चर्चा झाली. पुढच्या वर्षी ते पुन्हा निवडून आले आणि केंद्रात मंत्रीही झाले.

तिसरी फट परक्या हातांची. ‘अमुक मित्रमंडळ’, ‘तमुक विचार मंच’, आणि हल्ली फेसबुक-इन्स्टावरची पानं. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणं गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम १७६. शिक्षा? दहा हजारांपर्यंत दंड. जुन्या दंडसंहितेत तो पाचशे रुपये होता, म्हणजे प्रगती आहे म्हणायची. छापील पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव टाकावं लागतं, पण विरोधकाची टिंगल करणाऱ्या रीलचा मुद्रक कोण? उमेदवार म्हणतो, मला माहीतच नाही.

आणि रोकड. शेवटच्या दोन रात्रींचं लक्ष्मीदर्शन. तुम्हाला वाटत असेल मी हे पाहिलं असेल. नाही. वही लिहिणाऱ्याला त्या खोलीपासून मुद्दाम लांब ठेवतात. ते पैसे सांभाळणारी माणसं वेगळी, त्यांचे फोन वेगळे, आणि निरीक्षकांसमोर बसताना माझा चेहरा कोरा राहावा हीच त्यामागची सोय. म्हणून त्या आकड्यांवर मी बोलत नाही; जे ठामपणे आकडे सांगतात त्यांच्याकडेही मी जरा साशंकच बघतो.

पैसा येतो कुठून, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण एक गोष्ट सांगतो. २०१८ च्या निवडणूक रोख्यांत देणाऱ्याचं नाव मतदाराला कळूच नये अशी सोय होती. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती योजना रद्द केली, आणि मार्चमध्ये स्टेट बँकेला रोख्यांचे क्रमांकसुद्धा उघड करावे लागले. पण जुनी वाट अजून आहे. वीस हजारांपर्यंतच्या देणगीदाराचं नाव पक्षाला आयोगाकडे कळवावं लागत नाही, आणि दोन हजारांपर्यंत रोख घेता येते. मोठी रक्कम छोट्या पावत्यांत वाटायला काय लागतं, पावतीपुस्तकंच ना?

आता तुम्ही काय करू शकता ते. उमेदवाराने निकालापासून ३० दिवसांत हिशेब द्यायचा असतो. दिलाच नाही किंवा नीट दिला नाही तर त्याच लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १० अ खाली तीन वर्षं अपात्रता. अशोक चव्हाणांच्या भोकरच्या पेड न्यूज (पैसे देऊन छापून आणलेल्या बातम्या) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये मान्य केलं की आयोग हिशेबाचा खरेखोटेपणाही तपासू शकतो. त्यानंतर आयोगाने त्यांच्याविरुद्ध दिलेला आदेश मात्र त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. मर्यादा ओलांडली म्हणून निवडच रद्द करायची तर उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करावी लागते, ती मतदारही करू शकतो, मुदत ४५ दिवस. वजाबाकी करून बघा: हिशेब शेवटच्या दिवशी आला तर तो वाचून, पुरावे जमवून, वकील गाठून याचिका करायला तुमच्या हातात पंधरा दिवस उरतात. तुमच्या बाबतीत ती मुदत कधीच गेली.

वही मात्र अजून पाहता येईल. जिल्हा निवडणूक कार्यालयात अर्ज करा. निवडणूक संचालन नियमांतल्या नियम ८८ प्रमाणे कुणीही एक रुपया शुल्क भरून उमेदवाराचा हिशेब पाहू शकतो, प्रतींचं शुल्क वेगळं. आमदाराच्या वहीत तुम्हाला फार काही सापडणार नाही, ती माझ्यासारख्या कुणीतरी नीट लिहिलेली असणार. त्यापेक्षा गाड्यांच्या परवान्यांची यादी मागा आणि अपक्षांवरून नजर फिरवा. ज्याला जेमतेम दोनशे मतं पडली आणि ज्याच्या नावावर पंधरा गाड्यांचे परवाने होते, त्याची वही आधी उघडा; अशा गाड्या बऱ्याचदा दुसऱ्याच उमेदवारासाठी फिरतात. डिझेलच्या बिलांपासून सुरुवात करा.