आभाळावर कोण रुसतो?

"मॅडम, मग विश्वास ठेवायचा तरी कुणावर?"

गोव्यात फोंड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की विचारणाऱ्याचा सूर ऐकूनच महिना ओळखता येतो. मे महिना असेल तर वादळ, ऑक्टोबर असेल तरी वादळ, निवडणूक जवळ आली असेल तर राजकारण. वादळांचे व्हिडिओ रात्री दोनपर्यंत बघत बसणारी म्हापशाची एक आई येऊन गेली. "वर्तमानपत्र बंद केलं, सगळे विकलेले" म्हणणारे वास्कोचे एक निवृत्त गृहस्थही आले. एकाला सगळं खरं वाटतं, दुसऱ्याला सगळं खोटं, आणि दोघांनाही झोप नाही. गेल्या वर्षभरात हीच तक्रार इतकी वाढली की त्यावर एकदा नीट लिहावं असं ठरवलं. त्यासाठी एका गृहस्थांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरी-दारी त्यांना सगळे भाई म्हणतात, मीही भाईच म्हणेन.

भाईंचं फोंडा तालुक्यात वडिलोपार्जित कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बागायत आहे. पोफळी, नारळ, मिरवेल, खालून वाहणारा व्हाळ, म्हणजे ओढा. वय बासष्ट. जुलै 2025 मध्ये वहिनी त्यांना घेऊन आल्या, खरं तर ओढून घेऊन आल्या. त्याआधीच्या आठवड्यात हवामान खात्याचा पावसाचा ऑरेंज इशारा होता. वहिनी नको नको म्हणत असताना भाई पंप बघायला व्हाळावर गेले आणि पाणी चढल्यामुळे पलीकडच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, तीन तास अडकले. परत आल्यावर वहिनींना एवढंच म्हणाले, "इशारे काय, रोजचेच असतात."

"हे असे नव्हते," वहिनी सांगत होत्या. "उलट दोन-तीन वर्षं आम्हाला घाबरवून सोडलं होतं. हे आलं, ते आलं. आता एकदम काहीच मानत नाहीत. पेपर नको, बातम्या नको. मतदानालासुद्धा जाणार नाही म्हणतात."

भाई खिडकीबाहेर बघत होते. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "माझा कुणावरच विश्वास नाही, मॅडम. त्यात आजार कसला?"

आजार नाहीच. पण 'कुणावरच नाही' हे शब्द मी कधी सोडत नाही. माझा पिंड विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर पोसलेला आहे. माणसाला घटनेपेक्षा त्या घटनेवरून स्वतःशी म्हटलेलं वाक्य जास्त छळतं, असं मी मानते, आणि सतरा वर्षांत मला त्याचा पडताळा पुन्हा पुन्हा आला आहे. 'कुणावरच', 'सगळेच', 'कधीच' हे शब्द आले की समजावं, त्यांच्याखाली असं एखादं वाक्य दडलेलं आहे.

पहिल्या दोन भेटींत हकिगत उलगडली. रविवार, 16 मे 2021. तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्यापासून शंभर-दीडशे किलोमीटरवरून उत्तरेकडे गेलं. हवामान खातं दोन-तीन दिवस आधीपासून सांगत होतं, पण भाईंनी मनावर घेतलं नव्हतं. साठेक पोफळी आडव्या झाल्या, मांगराचे पत्रे उडाले, घरात पाच दिवस वीज नव्हती. "वडिलांनी लावलेली झाडं होती," एवढं बोलून ते थांबले. त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं की पुन्हा बेसावध राहायचं नाही. मग जो कोणी वादळाबद्दल बोलेल, त्याचं सगळं ऐकायचं आणि गावाला कळवायचं. ऐकणं वादळापुरतं राहिलं नाही. तोच मोबाइल, तीच रात्र, आणि वादळानंतर लगेच पुढचा व्हिडिओ: 'आठ दिवसांत सरकार कोसळणार.'

मग मे 2025 आला. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय एवढीच माहिती होती, पण 'शक्ती' चक्रीवादळ गोव्यावर आदळणार अशा थंबनेलनी मोबाइल भरून गेले. भाईंनी गावाच्या ग्रुपवर दिवसाला दहा-दहा संदेश टाकले, शेजाऱ्यांच्या पत्र्यांवर दगड चढवले आणि धाकट्या भावाच्या मुलाचा साखरपुडा हट्टानं पुढे ढकलायला लावला. हॉलचे पैसे बुडाले. पाऊस भरपूर झाला, मान्सूनही लवकर पोचला, पण चक्रीवादळ काही आलं नाही. जे होतं ते 'डिप्रेशन', म्हणजे चक्रीवादळाच्या खालच्या, तीव्र कमी दाबाच्या क्षेत्राच्या पायरीपर्यंतच वाढलं आणि 24 मे रोजी रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडून गेलं. त्यानंतर भाई दुकानावर गेले की कुणीतरी ओरडायचं, "शक्तीभाई आयले! वादळ खंय पावलें?"

भावानं बोलणं टाकलं. गणपतीत चवथीला तरी एकत्र बसू की नाही, हीच वहिनींची खरी काळजी होती.

हे सगळं कळलं तरी गाठ सुटली नव्हती. बहुतेक नातेवाईक याच टप्प्यावर चूक करतात. समोरचा 'सगळं खोटं' म्हणाला की ते 'खरं' असल्याचे पुरावे देऊ लागतात. हवामान खातं किती अचूक आहे, कुठला पत्रकार किती सच्चा आहे, यावर घरात वाद होतो, आवाज चढतात आणि माणूस आणखी आत जातो. मीही पुरावे दिले नाहीत. तिसऱ्या भेटीत मी त्यांना कुळागराबद्दल विचारलं, कारण तिथलं जाणकार माणूस तेच होते.

"भाई, सुपारीला मोरचुदाची फवारणी कधी करता?"

त्यांचा चेहरा बदलला. किलोभर मोरचूद, किलोभर चुना, शंभर लिटर पाणी. मोरचुदाचं पाणी चुन्यात कसं ओतायचं. मिश्रण जमलंय की नाही हे बघायला त्यात लोखंडी सुरी कशी बुडवून ठेवायची, तिच्यावर तांबूस रंग चढला तर चुना कमी पडला. हे सगळं हातवारे करून सांगितलं. "पहिली फवारणी पावसाआधी. नाहीतर कोळे रोग येतो, सुपारी गळून जाते. दुसरी चाळीसेक दिवसांनी, पावसातच उघडीप बघून."

"उघडीप आहे हे कसं ठरवता?"

"आभाळ बघून. वारा बघून."

"आभाळ चुकत नाही?"

"चुकतं की. मागच्या वर्षी सकाळी फवारलं आणि दुपारी सगळं धुऊन गेलं. मोरचूद गेलं, माणसांची मजुरी गेली."

"मग आभाळावरचा विश्वास उडाला?"

ते पहिल्यांदा मनापासून हसले. "आभाळावर कोण रुसतो, मॅडम?"

मी काही बोलले नाही. बाहेर पन्हाळीचं पाणी पडत होतं. भाईंनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा डोळ्यांवर न लावता तसाच हातात धरला. बराच वेळ गेला. अशा वेळी नव्या समुपदेशकाला काहीतरी विचारायचा मोह होतो. तो मोह आवरणं ही माझ्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट, आणि ती मी शिकले आहे याचं मला समाधान आहे.

मग ते खाली बघत म्हणाले, "आभाळ मला हसत नाही."

त्या एका वाक्यात सगळं होतं. वहिनी ज्याला अविश्वास म्हणत होत्या, भाई ज्याला शहाणपण म्हणत होते, ती लाज होती. चारचौघांत हसं झालं होतं. 'मी चुकलो म्हणजे मी मूर्ख ठरलो, आणि पुन्हा मूर्ख ठरणं मला सोसणार नाही,' हे ते स्वतःशी म्हणत होते. कुणावरच विश्वास न ठेवणाऱ्याला कुणी 'शक्तीभाई' म्हणू शकत नाही. व्हाळाचं पाणी चढलं तरी चालेल, पण हसू नका.

मला त्या दिवशी जे उमगलं ते असं. सगळं मानणारा आणि काहीच न मानणारा ही मला आजवर दोन टोकं वाटत होती. पण भाईंनी दोन्ही करून पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा एक काम टाळलं होतं: बातमी हातात घेऊन तोलण्याचं. हे काम फवारणीच्या बाबतीत ते आयुष्यभर करत आले होते. तिथे हमी मागत नव्हते, अंदाज चुकला तर स्वतःला मूर्ख म्हणत नव्हते, पुढच्या उघडिपीला पुन्हा पंप पाठीवर चढवत होते. कौशल्य घरातच होतं, फक्त मोबाइल हातात आला की ते बाजूला पडत होतं.

भाईंकडे सुपारीच्या हिशेबाची लाल कापडी बांधणीची लांब चोपडी होती. मी सांगितलं, तिचीच मागची पानं घ्या आणि तीन रकाने पाडा. कोण म्हणालं. काय होणार म्हणालं, कुठे आणि कधीपर्यंत. प्रत्यक्षात काय झालं. हवामानाचंही लिहा, राजकारणाचंही लिहा. मत बनवू नका, फक्त लिहा.

तीन आठवड्यांनी भाई चोपडी काखेत मारून आले ते जरा चिडूनच. हवामान खात्याच्या ओळी भरलेल्या होत्या. 'ऑरेंज, उत्तर गोवा, दोन दिवस. पडला.' 'ऑरेंज. एवढा नाही पडला.' 'यलो. जास्तच पडला.' बरोबर होतं तसं चूकही होतं, पण तिसरा रकाना भरलेला होता. खालच्या ओळी व्हिडिओंच्या. 'मोठा राजकीय भूकंप, लवकरच.' 'पडद्यामागे हालचाली.' 'समुद्रात काहीतरी भयंकर शिजतंय.' त्यांच्यापुढे तिसरा रकाना कोरा. भाई त्या कोऱ्या रकान्यावरून बोट वरून खाली फिरवत राहिले.

"ही माणसं चुकूच शकत नाहीत, मॅडम. तारीख असेल तर चुकतील ना!"

मी म्हटलं, "आणि हवामान खातं?"

"ते चुकलं की कळतं तरी."

इथे मला वाचकांशी थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण घरोघरी नेमकं हेच हवं आहे. कोण खरं बोलतो हे आधी ओळखणं कुणालाच जमत नाही. पण कोण स्वतःला चूक ठरवू देतो, हे मात्र कुणालाही बघता येतं. ज्याच्या बोलण्यात ठिकाण, वेळ आणि प्रमाण असतं, त्याच्याशी हिशेब होऊ शकतो. हवामान खातं 'अत्यंत मुसळधार' (एक्स्ट्रीमली हेवी) म्हणतं तेव्हा चोवीस तासांत 204.4 मिलिमीटरच्या वर, असा त्याचा ठरलेला अर्थ असतो. रंगांचंही तसंच. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हालचाल करा. आपण ऑरेंज वाचतो आणि 'आता संकट येणारच' असं धरून चालतो. मग ते आलं नाही की खातं खोटं. तो इशारा आपण आज काय करावं यासाठी असतो. पंप वर काढून ठेवला आणि पाणी चढलं नाही, तर गेलं काय? अर्ध्या तासाचे कष्ट.

'शक्ती'चंही मी भाईंना समजावून दिलं. उत्तर हिंदी महासागरातल्या चक्रीवादळांची नावं तेरा देशांनी मिळून आधीच ठरवली आहेत. 169 नावांची यादी 2020 मध्ये जाहीर झाली. पुढचं नाव कुठलं हे कुणालाही वाचता येतं. पण वाऱ्याचा वेग ताशी 62 किलोमीटरच्या पायरीला पोचेपर्यंत ते नाव वादळाला मिळत नाही. मे 2025 मध्ये वादळच नव्हतं, नाव मात्र फिरत होतं. भाई बराच वेळ गप्प होते. "म्हणजे बारशाआधीच बाळाचं नाव गावभर सांगितलं मी," असं म्हणाले. पण आवाजात पूर्वीची लाज नव्हती.

राजकारणाच्या बाबतीत आपलं गाऱ्हाणं जास्त खरं आहे, हे मी मान्य करते. जुलै 2019 मध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला, सप्टेंबर 2022 मध्ये अकरापैकी आठांनी. हे डोळ्यांदेखत घडल्यावर उद्या काहीही होईल असं गोमंतकीयाला वाटलं, तर त्याचं चुकलं कुठे? पण 'काहीही होऊ शकतं' या सत्याचा आधार घेऊनच 'आठ दिवसांत होणार' विकलं जातं. आपण पहिलं मानावं, दुसऱ्याला तारीख विचारावी. आणि यातलं काहीही खरं-खोटं ठरलं तरी पंचायतीतला रस्ता, गटार, ग्रामसभा तिथेच आहेत. मतदानाचा हक्क चिडून सोडून देण्याएवढा स्वस्त नाही. हे मी भाईंना स्पष्ट सांगितलं. एरवी मी सल्ले कमी देते.

घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे की जो फसला त्याला टोपणनाव देऊ नका. फसलेल्याला हसलं की तो सावध होत नाही, मुका होतो. पुढच्या वेळी खरा इशारा आला तरी तो तुम्हाला सांगणार नाही. वाद घालण्यापेक्षा एवढंच विचारा, "हे खरं निघालं तर आपण आज काय करायचं?" उत्तर हाताशी असेल तर करून टाका. उत्तरच नसेल तर त्या व्हिडिओवर रात्र घालवण्यात अर्थ नाही. आणि झोपेच्या आधी तासभर मोबाइल दुसऱ्या खोलीत. हे साधं वाटतं, पण म्हापशाच्या त्या आईची झोप एवढ्यानंच परत आली.

चवथीला भाई भावाच्या खोलीत स्वतःहून गेले. "हॉलचे पैसे माझ्यामुळे गेले," एवढंच बोलले आणि गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला शिडी धरून उभे राहिले. भाऊ फारसं बोलला नाही. पण शिडी धरू दिली.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला अरबी समुद्रात खरंच चक्रीवादळ तयार झालं आणि यादीतलं तेच नाव त्याला मिळालं, शक्ती. मला भाईंची धाकधूक वाटली. दुकानावर कुणीतरी ओरडलंच, "शक्तीभाई, आतां तुमचें वादळ खरेंच आयलें न्हय!" भाई म्हणाले, "नाव खरं आहे या वेळी. पण वाट पश्चिमेची धरलीय. तुझ्या जावयाला मात्र सांग, दर्यात जाऊ नको म्हणून." हे मला वहिनींनी फोनवर सांगितलं. वादळ पुढे खुल्या समुद्रातच विरलं.

त्याच रात्री साडेनऊला भावाचा फोन आला होता, मे महिन्यानंतर पहिल्यांदाच. "दादा, खरंच येतंय काय रे ते?"

भाईंनी चोपडी उघडली, चष्मा लावला. "इकडे येईलसं दिसत नाही," ते म्हणाले. "सकाळचं पत्रक बघतो आणि तुला सांगतो."