‘गिल्टी प्लेझर’ला मराठी शब्द: ‘चोरटं सुख’ की आणखी काही?

प्रश्न असा आहे की ‘जुन्या मालिका पुन्हापुन्हा बघणं हे माझं गिल्टी प्लेझर आहे’ हे वाक्य मराठीत कसं करायचं, ‘अपराधी आनंद’ चालेल का ‘चोरटं सुख’ बरं. (गिल्टी प्लेझर म्हणजे जिच्यात मजा तर येते, पण कबूल करताना जरा अपराधी वाटतं अशी गोष्ट.)

‘अपराधी आनंद’ आधी बाजूला ठेवूया, असं कुणी बोलत नाही, आणि मराठी वाचणाऱ्याला वाटेल की गुन्हा करून आनंद झालाय. ‘चोरटं सुख’ मात्र ऐकायला छान आहे. चोरटी नजर, चोरटा स्पर्श असे प्रयोग आपल्याकडे रुळलेलेच आहेत, त्यामुळे ते कानाला परकं वाटत नाही. पण माझी अडचण तिथेच आहे. चोरटं म्हटलं की चोरी आली, आणि चोरी दुसऱ्याच्या वस्तूची असते. सुट्टीच्या दुपारी स्वतःच्याच वेळात, स्वतःच्याच घरात तीच मालिका चौथ्यांदा बघताना आपण नेमकं कुणाचं काय चोरतो? प्रेमप्रकरणाबद्दल लिहायचं असेल तर ‘चोरटं सुख’ जरूर वापरा, तिथे ते चपखल बसतं. इथे मला ते पटत नाही.

खरं तर मजेसाठी मराठीत जे रोजचे शब्द आहेत त्यांच्या मुळाशी गेलं तर अपराध कुठेच सापडत नाही, आणि हे मला फार सुंदर वाटतं. मजा हा शब्द फारसीतून आला, तिथे ‘मझा’ म्हणजे चव. मौज मूळची अरबी, अर्थ लाट. (आपण ‘लहर आली म्हणून केलं’ म्हणतो ना, लहर म्हणजे पण लाटच, दोन वेगळ्या भाषांमधून येऊन दोघी एकाच ठिकाणी पोचल्या.) ऐष पण अरबीच आणि तिथे त्याचा अर्थ चक्क जगणं, जीवन असा आहे, इजिप्तच्या बोलीत तर भाकरीला ऐष म्हणतात. म्हणजे ज्या शब्दाने आपण दुसऱ्याला टोमणा मारतो, ‘काय ऐष आहे बुवा’, तो मुळात रोजच्या जगण्याचा शब्द.

चैन बघा. हिंदीत चैन म्हणजे आराम, जिवाला स्वस्थता. मराठीत आपण त्याचे दोन तुकडे करून ठेवलेत. ‘तिचा फोन येईपर्यंत मला चैन पडत नाही’ यात जुना अर्थ अजून शाबूत आहे, ‘बेचैन’मध्ये पण आहे. पण तीच चैन ‘करायची’ म्हटली की लगेच उधळपट्टीचा वास येतो, शाळेच्या पुस्तकात गरजेच्या वस्तू एका बाजूला आणि चैनीच्या वस्तू दुसऱ्या बाजूला असतात. चैन पडली तर चांगलं, केली तर वाईट! सगळा फरक क्रियापदाने केलाय. आपोआप मिळालेली स्वस्थता चालते, स्वतः उठून घेतलेली नाही. चंगळ त्याच्या पुढची पायरी, आणि तिला ‘वाद’ जोडून चंगळवाद केल्यावर तर तो थेट आरोपच झाला.

मग अपराधीपणा भाषेत बसतो कुठे? माझं निरीक्षण असं की तो नामात नसतो, आजूबाजूच्या बारक्या शब्दांत असतो. जरा, थोडंसं, सहज, उगीच. ‘जरा पडले होते.’ दोन तास गाढ झोप झालेली असते पण सांगताना ‘जरा’. माझी आई दुपारी कादंबरी वाचायची, खिडकीपाशी, पाय वर घेऊन, पूर्ण रमून, आणि जिन्यात पावलं वाजली की पुस्तक उलटं ठेवून शेजारचा कपड्यांचा ढीग मांडीवर घ्यायची. काय करत होतीस विचारलं तर ‘काही नाही गं, उगीच चाळत होते’. चाळत! अर्धं पुस्तक संपलेलं असायचं, पण ‘वाचत होते’ म्हणायची तिची हिंमत नव्हती, कारण वाचायला वेळ लागतो आणि तो वेळ कुठून आणला हे कुणीतरी विचारलं असतं, म्हणजे तिला तसं वाटायचं, आम्ही कधी विचारलं नाही. मला अजून वाईट वाटतं की त्या दुपारी कपड्यांना हात लावण्याआधी मी एकदा तरी म्हणायला हवं होतं, राहू दे, वाच.

आणि ‘उगीच’ची गोष्ट तर बघण्यासारखी आहे. उगा म्हणजे शांत, गप्प, स्थिर. रडणाऱ्या बाळाला आपण ‘उगी उगी’ म्हणतो ते तेच. ‘उगा राहा’ म्हणजे शांत राहा. त्यातूनच उगाच, उगीच आलं, म्हणजे आधी ‘शांतपणे, नुसतं’ आणि मग ‘विनाकारण’. काही न करता शांत बसणं आणि कारण नसताना बसणं यातलं अंतर भाषेने कधी मिटवलं कळलंच नाही. त्यामुळे ‘उगीच बसलेय’ कुणी म्हणालं तर मला हल्ली त्यात जुना अर्थ ऐकू येतो आणि बरं वाटतं.

आता मूळ प्रश्नाचं उत्तर. माझं मत: हौस. हा शब्द आहे मूळ अरबी ‘हवस’, फारसीवाटे आलेला. हिंदीत त्याची वासना झाली, हाव झाली, हवस म्हटलं की नको ते डोळ्यांपुढे येतं. मराठीने मात्र त्याच शब्दाला धुवूनपुसून इतकं निर्मळ केलं की आपण लहान मुलाबद्दल पण हौस म्हणतो. हौसेला मोल नाही. हौशी कलाकार म्हणजे जो पोटासाठी नाही तर आवडतं म्हणून करतो. हौसेनं केलं म्हणजे मनापासून केलं. कारण विचारलं तर ‘हौस’ एवढं उत्तर पुरतं, पुढे कुणी हिशोब मागत नाही. असं दुसऱ्या कुठल्या शब्दाबद्दल मला सांगता येणार नाही. ‘मला काय हौस आहे?’ असा त्राग्याचा प्रयोग आहे आणि ‘हौस फिटली’ वैतागून पण म्हणतात हे खरं, पण तिथेसुद्धा शब्दाला डाग लागत नाही.

त्यात मौज मिसळली की हौसमौज. हा जोडशब्द कुठे वापरला जातो ते आठवून बघा. बहुतेक वेळा कुणी गेल्यावर. ‘आयुष्यभर राबली, कसली हौसमौज केली नाही हो तिने.’ हे कौतुक म्हणून कुणी म्हणत नाही, हळहळ म्हणून म्हणतात. मराठी माणूस चैनीला नाक मुरडतो पण हौसमौज राहून गेली तर त्याला चुटपुट लागते.

तर तुमचं वाक्य मी असं करीन: ‘जुन्या मालिका पुन्हापुन्हा बघायची मला भारी हौस.’ लाज नको असेल तर एवढं बास. आणि वाक्यात ती थोडी कबुलीची छटा हवीच असेल, म्हणजे कळतंय पण सुटत नाही असं, तर ‘नाद’ घ्या, ‘जुन्या मालिकांचा नाद आहे मला’. ‘व्यसन’ नको, ते जड होतं. ‘चटक’ चालेल, पण ती नव्याने लागलेली वाटते आणि तुमच्या मालिका जुन्या आहेत.