वाचनालयात नाव घातलंस, आता हे ऐक

बाबू, कपाटातली सगळ्यात जाडी कादंबरी पहिल्यांदाच घरी नेऊ नको. पंचवीस पानं होत नाहीत तोवर कापसाची वेचणी लागते, अन् पुस्तक फळीवर धूळ खात राहते.

युद्धाचं हवं असेल तर १९७१ च्या भारत-पाक लढाईपासून धर. ३ डिसेंबरला पेटलं, १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती. विजय सगळ्यांनाच पाठ आहे. तू नद्या कशा ओलांडल्या, दारूगोळा कुठून आला, ते शोध. शाळेचा नकाशा शेजारी उघडा ठेव. नकाशाशिवाय लढाई वाचणं म्हणजे बांध न पाहता वावराचा भाव करणं. अन् नुसते जयजयकार करणारं पुस्तक असेल तर बिनधास्त परत कर.

मग दया पवारांचं ‘बलुतं’ घे, दलित माणसानं स्वतःच्या जगण्याबद्दल लिहिलेलं. १९७८ चं, पान मोजून छोटंच आहे, पण एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नको. आपल्या गावातही कोणाची वस्ती कोणत्या टोकाला आहे, हे डोळ्यापुढं येईल. येऊ दे.

घरचं संकट वाचायचं तर लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, ‘स्मृतिचित्रे’. १८९५ मध्ये नवऱ्यानं ख्रिस्ती धर्म घेतला, बाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. एवढं होऊनही त्या तुला हसवतात. मला विचारशील तर तिन्हींत हेच वरचं. रडगाणं लिहिणाऱ्यांनी आधी हे वाचावं.

अन् हो, पानाचा कोपरा दुमडू नको. बसचं जुनं तिकीट ठेव खुणेला.