पैशांचा दंड कोणाला झोंबतो?

प्रश्न : गोल्फ म्हणजे सभ्य लोकांचा खेळ, असं ऐकून टीव्हीवर बघायला सुरुवात केली. आता बघते तर मोठमोठे खेळाडू क्लब (गोल्फची काठी) भिरकावतात, शिव्या हासडतात, ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, पाय आपटतात आणि पुढच्या टीवर (होलच्या सुरुवातीच्या जागी) जाऊन निवांत उभे राहतात. टेनिसमध्ये रॅकेट आपटली की आधी ताकीद मिळते, मग गुण जातो. इथे स्कोअरकार्डावर काहीच कसं उमटत नाही? नियमच नाही, की वापरायची हिंमत नाही?

उत्तर : नियम आहे. हिंमतीबद्दल मलाही तुमच्याइतकीच शंका आहे.

२०१९ साली गोल्फची नियमावली नव्याने लागू झाली. तिच्यातला १.२ हा नियम खेळाडूच्या वागणुकीचा. गंभीर गैरवर्तन दिसलं तर स्पर्धा समिती खेळाडूला थेट बाद करू शकते. गोम पुढे आहे. गोल्फमध्ये कमीत कमी फटके मारणारा जिंकतो. बाद करण्यापेक्षा हलकी शिक्षा, म्हणजे एक-दोन फटके वाढवण्याची, करायची असेल तर समितीने आधीच स्वतःची आचारसंहिता लेखी जाहीर केलेली असावी लागते. ती नसली की रेफरीच्या हातात एक तर तोफ, नाही तर काहीच नाही. चार शिव्यांसाठी तोफ कोण डागणार? मग प्रकरण टूरच्या, म्हणजे व्यावसायिक स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेच्या, कार्यालयात जातं आणि बंद दाराआड दंडाची रक्कम ठरते.

तोफ डागल्याचं उदाहरण आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत सौदी इंटरनॅशनल स्पर्धेत सर्जिओ गार्सियाने रागाच्या भरात अनेक ग्रीन खराब केली आणि तिसऱ्या फेरीनंतर त्याला बाद केलं गेलं. ते योग्यच झालं. ग्रीनवर पडलेला ओरखडा मागून येणाऱ्या खेळाडूच्या पटच्या, म्हणजे चेंडू होलकडे ढकलायच्या फटक्याच्या, वाटेत येतो. राग एकाचा आणि वाकडा जातो दुसऱ्याचा चेंडू.

उलट २०१८ची यूएस ओपन आठवा. शिनेकॉक हिल्सचं तेरावं होल, तिसरी फेरी. फिल मिकेलसनचा पट होलला ओलांडून उताराला लागला. हा त्याच्यामागे धावला आणि चेंडू थांबायच्या आत त्याने तो परत होलकडे मारला. हलत्या चेंडूला मारल्याबद्दल नियमाप्रमाणे दोन फटके वाढले आणि विषय मिटला. ते धरून होलवर दहा फटके, फेरीत एकूण ८१. खुद्द मिकेलसनने त्या दिवशी सांगितलं, की हे जाणूनबुजून केलं, दोन फटके परवडतील असा हिशेब होता. माफी नंतर आली. मी बरीच वर्षं हौशी स्पर्धांत रेफरीचं काम केलंय. माझ्यापुढे कोणी असा हिशेब मांडला असता तर मी समितीकडे त्याला बाद करण्याचीच शिफारस केली असती.

आता पैशांबद्दल. पीजीए टूर शिस्तभंगाचे दंड जाहीर न करण्याबद्दल वर्षानुवर्षं प्रसिद्ध होती. गोल्फर जॉन डेलीची शिस्तभंगाची फाइल बाहेर आली तीही त्याने एका वृत्तपत्र कंपनीवर अब्रुनुकसानीचा दावा लावला म्हणून. २०१०मध्ये छापून आलेल्या त्या ४५६ पानांत पाच निलंबनं होती आणि साऱ्या कारकिर्दीतला दंड लाखभर डॉलरच्या आसपास. मोठ्या स्पर्धेत एका आठवड्यात त्याच्या कितीतरी पट कमावणाऱ्याला हे काय झोंबणार! २०११मध्ये दुबईत टायगर वुड्स ग्रीनवर थुंकला, त्यालाही युरोपियन टूरने दंड केला. रक्कम गुलदस्त्यात.

आणि २०१३च्या मास्टर्समध्ये ग्वान तियानलांग या चौदा वर्षांच्या चिनी मुलाला संथ खेळाबद्दल एक फटका वाढवला गेला. तो हौशी खेळाडू होता. त्या एका फटक्याने कट, म्हणजे शेवटच्या फेऱ्यांत जाण्याची मर्यादा, हुकण्याची वेळ आली होती, पण पोरगा टिकला. म्हणजे फटका वाढवता येतो. थुंकणाऱ्या, क्लब फेकणाऱ्या नामवंतासमोरच हात आखडतो.

माझं म्हणणं सरळ आहे : पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्या वेळी एक फटका, तिसऱ्या वेळी दोन, पुढे घरी. आणि ते तिथल्या तिथे स्कोअरबोर्डावर दिसलं पाहिजे. व्यावसायिक गोल्फरला एका फटक्याची किंमत तुम्हा-आम्हाला सांगावी लागत नाही. २०१९च्या हीरो वर्ल्ड चॅलेंजमध्ये पॅट्रिक रीडने वाळूच्या पट्ट्यात चेंडूमागची वाळू सराव-स्विंगने बाजूला सारली, चेंडूची जागा अशी सोपी करून घेतल्याबद्दल दोन फटके वाढले, आणि शेवटी तो विजेत्या हेन्रिक स्टेन्सनपेक्षा बरोबर दोन फटक्यांनी मागे राहिला.

एक अडचण मात्र खरी आहे. कॅमेरे आघाडीवरच्या गटांमागे असतात. सकाळी सातला निघालेल्या अनोळखी खेळाडूने झाडावर क्लब आपटला तर तो फक्त कॅडी पाहतो. शिक्षा मोठ्या नावांनाच होईल, अशी ओरड होणार. होऊ द्या. मोठ्या नावांना कॅमेऱ्याचे फायदेही मिळतातच की.

प्रश्न : चिडून स्वतःचाच पटर (पट मारायचा क्लब) मोडला तर?

उत्तर : मग निस्तरायचं स्वतःच. गैरवापराने मोडलेल्या क्लबच्या जागी त्या फेरीत दुसरा घेता येत नाही. १९८७च्या रायडर कपमध्ये बेन क्रेनशॉने सहाव्या होलनंतर पटर मोडला आणि पुढे वन-आयर्न नि वेज या पटसाठी नसलेल्या क्लबांनी पट मारत तो एमन डार्सीकडून एका होलने हरला (त्या लढतीत जिंकलेली होल मोजतात). २०२१च्या मास्टर्समध्ये मात्र किम सि-वूने पटर मोडल्यावर शेवटच्या चार होलवर थ्री-वुड या लांब फटक्यांच्या क्लबने पट केले आणि चारही होल ठरलेल्या फटक्यांत (पारमध्ये) पूर्ण केली. त्यामुळे ही शिक्षा सगळ्यांना लागू पडतेच असं नाही.