मी २५ वर्षांची, गुडघ्यामुळे फुटबॉल सुटला. आता रोड सायकलिंगमध्ये व्यावसायिक करिअर जमेल का?

जमू शकतं. तुमच्यासारखंच उदाहरण आहे, नेदरलँड्सच्या आनेमीक व्हान व्ह्लोयटनचं. तीही फुटबॉल खेळायची, गुडघ्यानेच थांबली आणि विशीच्या मध्यावर सायकलकडे वळली. २०१९ आणि २०२२ मध्ये रोडची जागतिक विजेती झाली. २०२२ मध्ये तर इटलीची जिरो आणि महिलांची टूर द फ्रान्स फाम या अनेक दिवसांच्या दोन्ही शर्यती जिंकल्या, तेव्हा ती चाळिशीला टेकली होती. २०२३ मध्ये निवृत्त झाली.

पण या उदाहरणावर फार विसंबू नका. दम उशिरा कमावता येतो, घोळक्यात चालवणं उशिरा शिकायला जड जातं.

दम मोजायला पॉवरमीटर लागतो, म्हणजे पेडलवरची ताकद वॅटमध्ये दाखवणारं यंत्र. नीट वॉर्म-अप करून २० मिनिटं पूर्ण ताकदीने चालवा, सरासरी वॅटचे ९५ टक्के काढा आणि किलोतल्या वजनाने भागा. घाटात जिंकणाऱ्या बायकांचा हा आकडा ५च्या आसपास असतो. वर्षभर नीट सराव करूनही तुम्ही ३.५च्या खाली असाल, तर नोकरी सोडू नका.

आता घोळका. तुमचं पुढचं चाक पुढचीच्या मागच्या चाकाला घासलं, तर पडता तुम्ही, कारण तोल सांभाळायचं काम तुमच्या पुढच्या चाकाचं असतं. म्हणून तुमचं पुढचं चाक तिच्या मागच्या चाकाच्या बाजूला येऊ द्यायचं नाही आणि नजर चाकावर न ठेवता पुढचीच्या खांद्यापलीकडे ठेवायची. उतारावर वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. बाहेरचं पेडल खाली आणि सगळा भार त्यावर. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हान व्ह्लोयटन आघाडीवर असताना उतारावरच पडली आणि कमरेच्या मणक्याला तीन ठिकाणी फ्रॅक्चर झालं. इतक्या मुरलेल्या बाईची ही गत.

खाण्यात नवख्या हमखास चुकतात. शर्यतीत तासाला ६० ते ९० ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतं. नुसतं ग्लुकोज तासाला साधारण ६० ग्रॅमच पचतं, वरचं पोटात कुरकुरतं. म्हणून त्यात फ्रुक्टोज मिसळतात. ४० ग्रॅमपासून सुरू करा, पोटालाही सराव लागतो. वजन घटवण्याच्या नादात पाळी थांबली तर ‘सरावाचा ताण’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरकडे जा. हाडं विरळ होतात, आणि सायकलिंगमध्ये हाडांवर भार पडत नसल्याने ती भरूनही येत नाहीत. आठवड्यातून दोनदा वजनं उचलणं त्यासाठीच.

पैसा कुठल्या पायरीवर आहात त्यावर. महिला वर्ल्ड टूर, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीच्या संघांना किमान वेतन २०२० मध्ये लागू झालं, वर्षाला १५ हजार युरो. २०२३ मध्ये ते ३२,१०२ झालं. प्रसूती रजा २०२० पासूनच नियमात आली. खालच्या कॉन्टिनेंटल संघांना वेतनाची अशी सक्ती नाही, तिथे सायकल, कपडे आणि प्रवासखर्च एवढ्यावरही करार होतात. बक्षिसांवर घर चालत नाही: २०२१ च्या पहिल्या महिला पॅरिस-रुबे शर्यतीत विजेतीला मिळाले १,५३५ युरो, पुरुष विजेत्याला ३० हजार. शिवाय संघात जिंकायला एकच असते. बाकीच्या जणी संघाच्या गाडीपर्यंत मागे येऊन जर्सीत पाच-सहा बाटल्या कोंबून पुढे नेतात, वारा अंगावर घेतात. तुमची पहिली नोकरी बहुधा हीच.

पंचविशीत ज्युनियर आणि २३ वर्षांखालचे गट निघून गेलेले असतात, थेट एलिटमध्ये, म्हणजे मोठ्यांच्या वरच्या गटात उतरावं लागतं. आधी राज्य संघटनेमार्फत परवाना काढा, राष्ट्रीय स्पर्धा खेळा. मग एक उन्हाळा बेल्जियममध्ये काढा, सायकल फेडरेशनचं परवानगीपत्र बरोबर घेऊन. तिथे गावोगावच्या केर्मिस शर्यतींत छोट्या फेऱ्या, अरुंद रस्ते, काटकोनी वळणं असतात. दर वळणानंतर पुन्हा वेग घ्यावा लागतो, त्यामुळे मागे राहिलेल्या घोळक्यापासून आधी सुटतात. सुरुवातीच्या दहा शर्यतींत निकाल बघू नका, शेवटपर्यंत घोळक्यात राहिलात का तेवढं बघा.